बोआ सर्पाच्या पिलाचें संगोपन



प्राणी पाळण्याची हौस कोणाला नसते? कोणाच्या घरीं कुत्रें असतें, कोणाच्या घरीं मांजर. कोणी कांचेच्या हंडींत रंगीत मासे सोडतो, तर कोणाच्या अंगणांत कोंबड्या व शेळ्या सुखानें नांदतात. परंतु कोणी साप पाळला आहे असें कानीं आलें, म्हणजे आपल्या अंगावर कांटा उभा राहतो. माझ्याही अंगावर तो राहिला होता. गेल्या वर्षीं इंग्लंडांत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या घरीं बोआ जातीच्या सर्पाचें एक पिलूं आलें. त्या निमित्तानें मला जो अभ्यास करावा लागला, जी एक चूक माझ्या हातून घडली व तिच्यामुळें जें शिकावयास मिळालें, तें आज तुमच्यापुढें ठेवीत आहें. हा लेख वाचून कोणी साप आणावयास निघावें असा माझा हेतु नाहीं. उलट तसें कां करूं नये हेंही शेवटीं सांगावयाचें आहे. तथापि मुक्या जीवाचें संगोपन म्हणजे काय, हें समजण्यास या पिलाच्या हकीकतीइतका चांगला धडा मला दुसरा आढळला नाहीं.

प्रसंग कसा घडला

माझा भाचा १३ वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्यानें बोआचें पिलूं मागितलें. इंग्लंडांत १६ वर्षांखालील मुलास प्राणी विकण्यास २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानें बंदी आहे. म्हणून तें माझ्या मेहुण्यांनीं आपल्या नांवें विकत घेतलें. पिलूं दोन फुटांहून थोडें कमी, अंगठ्याएवढें जाड. फिकट तपकिरी पाठीवर गडद खोगिरासारखे पट्टे, आणि शेपटीकडे ते तांबूस होत गेलेले. माझी बहीण तें घरांत आल्यापासून त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकीना.

पहिल्या आठवड्यांत घरांत जणूं उत्सवच होता. भाच्याचे मित्र रोज येत, आणि पिलूं हातोहातीं फिरे. तिसऱ्या दिवशीं त्याला एक बराच मोठा उंदीर दिला. तो त्यानें कष्टानें गिळला. दुसऱ्या दिवशीं मित्रांनीं त्याला पुन्हां हातांत घेतलें, आणि रात्रीं पिलानें तो उंदीर अर्धवट पचलेल्या स्थितींत ओकून टाकला. भाच्यानें घाबरून मला दूरध्वनी केला. "मामा, तें आतां उपाशी मरेल का?" मी शाळेंत शास्त्र विषय शिकवितों, म्हणून त्याचा माझ्यावर फार विश्वास. मीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, "अरे, पोट रिकामें झालें आहे त्याचें. उद्यां पुन्हां खाऊं घाल." आपल्या घरीं मूल ओकलें तर आई थोड्या वेळानें त्याला पेज देते, तोच न्याय मीं सापाला लावला.

भाच्यानें माझें ऐकलें. पिलूं पुन्हां ओकलें, आणि या खेपेस तें इतकें गळून गेलें कीं हातांत उचललें तरी जीभ बाहेर काढीना. तेव्हां मेहुण्यांनीं तें सापांची माहिती असलेल्या एका पशुवैद्याकडे नेलें. वैद्यानें विचारलें, "ओकल्यावर लगेच खाऊं घालण्यास कोणी सांगितलें?" माझ्या भाच्यानें माझें नांव सांगितलें नाहीं, तो नुसता खालीं मान घालून उभा राहिला, हें मला मागाहून बहिणीकडून कळलें. ऐकून मला फार लाज वाटली. ज्या विषयाचें आपणांस ज्ञान नाहीं त्याविषयीं सल्ला देण्यापूर्वीं निदान एखादें पुस्तक उघडावें, हें मी तुम्हांस वर्गांत नेहमीं सांगतों. आणि वेळ आली तेव्हां मीच तें विसरलों. त्या दिवसापासून मीं अभ्यासास आरंभ केला.

हा प्राणी कोण?

बोआ हा मूळचा अमेरिका खंडांतील साप. मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेंतून दक्षिणेस थेट अर्जेंटिनापर्यंत त्याचा विस्तार आहे. स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५८ मध्यें त्याला 'बोआ कन्स्ट्रिक्टर' हें नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'आवळणारा' असा आहे. मध्य अमेरिकेकडील थोड्या लहान चणीच्या बोआस पुष्कळ शास्त्रज्ञ आतां 'बोआ इंपरेटर' अशी निराळी जात मानतात. लोकांच्या घरीं बहुधा हीच जात पाळलेली असते, आणि माझ्या भाच्याचें पिलूंही याच जातीचें आहे.

आपला अजगर व हा बोआ दिसण्यांत भाऊ भाऊ वाटले, तरी त्यांच्यांत एक मोठा भेद आहे. अजगराची मादी अंडीं घालते व त्यांभोंवतीं वेटोळें घालून बसते. बोआची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलांना जन्म देते. एका वेळीं वीस-पंचवीस पिलें होणें ही सामान्य गोष्ट आहे. पिलूं जन्मतः सुमारें दीड फूट लांब असतें आणि त्या क्षणापासून तें आपल्या पोटाचें आपण पाहतें. आई त्याला भरवीत नाहीं कीं राखीत नाहीं. म्हणून पाळणाऱ्यानें एक गोष्ट मनांत पक्की धरावी: कुत्र्याला जशी मायेची भूक असते, तशी या प्राण्याला नसते. माणसाच्या हाताची त्याला सवय होते, गोडी लागत नाहीं. त्याला गोंजारण्यांत जें सुख आहे तें आपलें आहे, त्याचें नव्हे.

बोआला विष नाहीं. आंत वळलेल्या बारीक दांतांनीं तो भक्ष्य पकडतो व त्याभोंवतीं विळखा घालतो. भक्ष्य श्वास कोंडून मरतें, असें आम्ही विद्यार्थी असतांना शिकलों. परंतु २०१५ मध्यें अमेरिकेंतील डिकिन्सन कॉलेजांतील संशोधकांनीं प्रत्यक्ष मापन करून दाखविलें कीं, विळखा पडतांच कांहीं सेकंदांत भक्ष्याचें रक्ताभिसरण कोलमडतें. मग भक्ष्य आवळीत असतां साप स्वतः श्वास कसा घेतो? याचें उत्तर २०२२ मध्यें प्रसिद्ध झालें. शरीराच्या ज्या भागाच्या बरगड्या विळख्यांत अडकलेल्या असतात, त्या तो स्थिर ठेवतो व दुसऱ्या भागाच्या बरगड्या हालवून फुप्फुसांत हवा घेतो. बोआच्या शेपटीच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस एकेक बारीक नख असतें. फार प्राचीन काळीं सापांच्या पूर्वजांना जे मागचे पाय होते, त्यांची ती खूण होय.

घर

आपल्याकडे 'आधीं कळस मग पाया' अशी म्हण आहे. नवा पाळणारा नेमकें हेंच करतो: आधीं साप आणतो आणि मग त्याच्या घराचा विचार करतो. खरा क्रम याच्या उलट आहे. पेटी आधीं तयार करावी, तिच्यांतील उष्णता चार-सहा दिवस मोजून पाहावी, आणि ती स्थिर आहे अशी खात्री झाल्यावरच पिलूं आणावें.

लहान पिलास सुमारें दोन-तीन फूट लांबीची पेटी पुरते. वाढ झालेल्या बोआस सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच इतकी तरी जागा हवी. झांकणास कडी असलीच पाहिजे. कारण साप नाकानें प्रत्येक फट चांचपून पाहतो, आणि जेथें डोकें शिरतें तेथून सारें अंग बाहेर पडतें. पेटींत दोन लपणें ठेवावीं, एक उबदार बाजूस व एक थंड बाजूस. हीं लपणें इतकीं अरुंद असावींत कीं पिलाचें अंग त्यांच्या भिंतींना टेकेल. आपल्याला मोकळी जागा आवडते. लहान सापाला मात्र चोहों बाजूंनीं स्पर्श झाला म्हणजेच सुरक्षित वाटतें. माझ्या भाच्यानें मोठी कांचेची पेटी आणून तिच्यांत शोभेची एक वेल ठेवली होती, आणि लपावयास कांहींच ठेवलें नव्हतें. पिलूं रात्रंदिवस भीतीनें एका कोपऱ्यांत गोळा होऊन बसे, व तें शांत आहे असें सर्वांना वाटे.

तळाशीं प्रथम साधा कागद अंथरावा, म्हणजे घाण झाली कीं लगेच दिसते व बदलतां येते. पुढें नारळाच्या काथ्याचा भुसा वापरण्यास हरकत नाहीं. देवदाराच्या वासाच्या लांकडाचा भुसा मात्र कधींही घालूं नये. त्याची वाफ सापाच्या फुप्फुसांस अपाय करते. पाण्याचें भांडें जड असावें व पाणी रोज ताजें असावें. चढावयास एक मजबूत फांदी असावी, कारण लहान बोआ झाडावर पुष्कळ चढतो.

ऊब व ओलावा

साप आपल्या शरीरांत आपल्यासारखी ऊब उत्पन्न करूं शकत नाहीं. ऊब हवी असली कीं तो उन्हांत येतो, नको असली कीं सावलींत जातो. यासाठीं पेटीची एक बाजू सुमारें ३१ सेल्सिअस अंश व दुसरी सुमारें २६ अंश ठेवावी, म्हणजे कोठें बसावें हें त्याचें तोच ठरवील. रात्रीं उष्णता थोडी उतरली तर चालेल, पण ती २२ अंशांच्या खालीं जाऊं देऊं नये. ऊब देणाऱ्या दिव्यास किंवा तक्त्यास थर्मोस्टॅट नांवाचें नियामक यंत्र जोडलेलें असावें, आणि दिव्याभोंवतीं जाळी असावी. नाहींतर साप त्याला लपेटून बसतो व भाजून निघतो. दोन्ही बाजूंस एकेक उष्णतामापक ठेवावा. हाताला 'ऊन लागतें' हें मापन नव्हे.

पशुवैद्यानें भाच्याच्या पेटीची चौकशी केली, तेव्हां खरें कारण बाहेर आलें. दिवा होता, पण नियामक नव्हता; निजतांना घरांतील लोक तो मालवीत आणि इंग्लंडांतील थंडीच्या रात्रीं पेटी गार पडे. ऊब नसली म्हणजे सापाचें पचन थांबतें. न पचलेलें भक्ष्य पोटांत कुजूं लागतें, आणि तें बाहेर टाकण्यावांचून त्याला गत्यंतर उरत नाहीं. एकीकडे मोठा घांस, दुसरीकडे गार रात्र, आणि वर मित्रांची हाताळणी. तें पिलूं ओकलें यांत नवल तें काय?

हवेंत ओलावाही हवा. बोआ दमट प्रदेशांतील असल्यामुळें शेंकडा ६० ते ७० इतकी आर्द्रता त्याला मानवते. परंतु ओलावा म्हणजे चिखल नव्हे. तळ सदा ओला राहिला तर पोटाखालचे खवले सडतात.

अन्न

जंगलांतील बोआ उंदीर, घुशी, पक्षी, सरडे, वटवाघळें असें नाना प्रकारचें भक्ष्य खातो. पाळलेल्या बोआस बहुधा उंदीरच देतात. प्रमाणाचा नियम सोपा आहे: सापाच्या शरीराचा जो सर्वांत जाड भाग असेल, त्याहून भक्ष्य जाड असूं नये. बोआचें पचन इतर पुष्कळ सापांपेक्षां मंद असतें. म्हणून पिलास दहा ते चौदा दिवसांनीं एकदां खाणें पुरें होतें. पूर्ण वाढलेल्या बोआस महिन्यांतून एकदां दिलें तरी चालतें. पाळीव साप भुकेनें मरण्यापेक्षां अति खाऊन लठ्ठ होण्याचेंच भय अधिक. 'अति तेथें माती' ही म्हण जणूं याच्याचसाठीं झाली आहे.

इंग्लंडांत मारून गोठविलेले उंदीर विकत मिळतात. जिवंत उंदीर देणें हें उंदराच्या दृष्टीनें क्रूर आहेच, पण सापाच्या दृष्टीनेंही धोक्याचें आहे. भेदरलेला उंदीर सापाला कडकडून चावतो व त्या जखमा चिघळतात. गोठलेला उंदीर आधीं पूर्ण वितळूं द्यावा, मग कोमट पाण्यांत ठेवून ऊन करावा, कोरडा करावा आणि लांब चिमट्यानें सापापुढें धरावा. हातानें कधींही धरूं नये; साप उंदराच्या व बोटाच्या वासांत भूल करूं शकतो. भक्ष्य गिळल्यावर पुढील दोन दिवस सापास हात लावूं नये.

आतां माझ्या चुकीविषयीं. साप ओकतो तेव्हां नुसतें अन्नच बाहेर पडत नाहीं; पोटांतील तीव्र पाचक आम्ल त्याच्या अन्ननलिकेस भाजतें व शरीरांतील पाणीही कमी होतें. आंतील अस्तर भरून येण्यास अवधि लागतो. त्याआधीं पुन्हां खाऊं घातलें तर तें पुन्हां ओकतें, अधिक अशक्त होतें, आणि असें वरचेवर झालें तर लहान पिलूं दगावतें. पशुवैद्यानें सांगितलें: पूर्ण १४ दिवस कांहीं द्यावयाचें नाहीं. ताजें पाणी, योग्य ऊब, पेटीवर एक कापड, आणि पूर्ण एकांत. त्यानंतर नेहमींच्या निम्म्याहून लहान असा एकच उंदीर.

चौदा दिवस! तेरा वर्षांच्या मुलास ते चौदा महिन्यांसारखे वाटले. तो रोज मला विचारी, "मामा, आज देऊं का थोडेंसें?" आणि मी रोज म्हणें, "नाहीं. आज कांहीं करावयाचें नाहीं." एखाद्यासाठीं कांहीं करणें सोपें असतें, त्याच्यासाठीं हात आंवरून बसणें फार कठीण असतें. सहाव्या दिवशीं त्यानें एक वही घातली व तिच्यांत रोज पेटीच्या दोन्ही टोकांची उष्णता, हवेंतील ओलावा आणि पिलूं कोणत्या लपणांत आहे, इतकेंच लिहूं लागला. पंधराव्या दिवशीं त्यानें चिमट्यानें एक इवलासा उंदीर पुढें धरला. पिलानें तो घेतला. मग दोन दिवस घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. चौथा दिवस गेला, आठवा गेला, आणि तें ओकलें नाहीं. त्या रात्रीं भाच्यानें वहींत फक्त दोन शब्द लिहिले: "अन्न पचलें."

हाताळणें

'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' अशी नव्या पाळणाऱ्याची अवस्था असते. पिलूं घरीं आलें कीं त्याला पहिला एक आठवडा मुळींच हात लावूं नये. त्यानंतर ओळीनें दोन-तीन वेळां खाल्लेलें पचलें म्हणजे हाताळण्यास आरंभ करावा. प्रथम पांच-दहा मिनिटें, आठवड्यांतून एक-दोन वेळां पुरे. वरून झडप घालून धरूं नये. आकाशांतून येणारी सावली म्हणजे घार, असें त्याचें जन्मजात ज्ञान सांगतें. बाजूनें सावकाश हात नेऊन अंगाच्या मध्याखालीं आधार द्यावा व त्याला आपल्या हातांवरून त्याच्या गतीनें सरकूं द्यावें. त्यानें मान मागें घेऊन इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळविली किंवा फुत्कार केला, तर तें 'आज नको' असें सांगत आहे असें समजावें व त्याचें ऐकावें.

साप हाताळण्यापूर्वीं व नंतर साबणानें हात स्वच्छ धुवावे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेंतही साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात व त्यांनीं माणसास जुलाब व ताप येतो. पांच वर्षांखालील बालकांस तर याचा विशेष धोका. पेटी किंवा पाण्याचें भांडें स्वयंपाकघरांत धुऊं नये. साप मोठा झाल्यावर एकट्यानें हाताळूं नये, जवळ दुसरें प्रौढ माणूस असावें. आणि कोणत्याही वयाचा साप गळ्याभोंवतीं घालून मिरवूं नये.

कात व दुखणीं

वाढत्या वयाचें पिलूं साधारण महिना-दीड महिन्यानें कात टाकतें. त्याआधीं त्याचा रंग मळकट होतो व डोळ्यांवर निळसर धुकें येतें. सापास पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो व तोही कातीबरोबर निघतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाहीं, म्हणून तें चिडखोर होतें. त्याला हाताळूं नये, खाणें देऊं नये, आणि ओलावा थोडा वाढवावा. कात अखंड मोज्यासारखी निघाली तर प्रकृति उत्तम. तुकड्यातुकड्यांनीं निघाली तर हवा कोरडी आहे. डोळ्यावरचा पापुद्रा राहिला तर नखानें ओढूं नये, पशुवैद्यास दाखवावें.

तोंड उघडें टाकून श्वास घेणें, नाकाशीं बुडबुडे येणें, श्वासाचा घुरघुर आवाज होणें, हीं फुप्फुसांच्या विकाराचीं चिन्हें होत. खवल्यांच्या कडांना किंवा पाण्याच्या भांड्यांत मोहरीहूनही बारीक काळे ठिपके हालतांना दिसले, तर ते रक्त पिणारे किडे समजावे. बोआंमध्यें एक भयंकर रोग असा आहे कीं त्यांत साप डोळे फिरवूं लागतो, तोल सांभाळूं शकत नाहीं, उलथा पडला तर सरळ होऊं शकत नाहीं. पूर्वीं याचें कारण गूढ होतें. २०१२ मध्यें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं या रोगाच्या सापांत एका नव्या विषाणूचा शोध लावला. यावर अद्याप औषध नाहीं. घरांत आधींचा साप असेल तर नवा कांहीं महिने अगदीं वेगळ्या खोलींत ठेवावा, तो याचसाठीं.

दीर्घ काळाची जबाबदारी

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग आला. बोआ वीस ते तीस वर्षें जगतो. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराच्या प्राणिसंग्रहालयांतील एक बोआ १९७७ मध्यें मरण पावला, तेव्हां त्याचें वय ४० वर्षांहून अधिक होतें. आज दोन फुटांचें असलेलें पिलूं मादी असेल तर सहा ते आठ फूट वाढेल. तेरा वर्षांचा मुलगा शिकेल, नोकरीस लागेल, कदाचित् त्याचें लग्न होईल. तेव्हांही तो साप त्याच पेटींत असेल आणि त्याला तीच ऊब, तेंच पाणी, तोच एकांत लागेल. मुलाचा हट्ट सहा महिन्यांत विरतो. प्राण्याची गरज विरत नाहीं. इंग्लंडांतील २००६ चा कायदा म्हणतो कीं, प्राणी बाळगणाऱ्यानें त्याला योग्य निवारा, योग्य आहार, आपल्या स्वभावाप्रमाणें वागण्याची मोकळीक, जातीस अनुरूप असा सहवास किंवा एकांत, आणि दुखण्यापासून संरक्षण दिलेंच पाहिजे. यांतील एकही गोष्ट प्राण्यावर केलेला उपकार नव्हे. तो त्याचा हक्क आहे.

कंटाळा आला म्हणजे कांहीं लोक साप रानांत सोडून देतात. हें दयेचें कृत्य नव्हे. मेक्सिकोजवळील कोझुमेल बेटावर १९७१ मध्यें कांहीं बोआ सोडले गेले. ते वाढून तेथील मूळच्या प्राण्यांस घातक झाले. अरूबा बेटावर १९९९ मध्यें बोआ प्रथम आढळला, आणि कांहीं वर्षांतच तो बेटभर पसरला. तेथील पक्षी व सरडे यांना या शत्रूची कधींच ओळख नव्हती. त्यांच्याजवळ त्याच्यापासून बचावाची युक्ति कोठून असणार? एका घरचा कंटाळा असा साऱ्या बेटास भोंवतो.

आणि आपण?

बोआच्याच दूरच्या गोतांतील एक साप आपल्या महाराष्ट्रांत सर्वत्र आढळतो. तो म्हणजे मांडूळ. शेतांतील भुसभुशीत मातींत तो राहतो, उंदीर खातो, विषारी नाहीं, आणि बोआप्रमाणेंच जिवंत पिलांना जन्म देतो. त्याची शेपटी डोक्यासारखीच बोथट असते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तो गुप्त धन दाखवितो, त्याच्यामुळें पैशाचा पाऊस पडतो, अशा खुळ्या समजुतींनीं त्याची चोरटी विक्री होते व शेंकडों मुके जीव पोत्यांत कोंडून मारले जातात. मी दहा वर्षांचा असतांना आमच्या वाड्याच्या परसांत एक मांडूळ निघालें. आम्हां पोरांनीं तें 'दोन तोंडांचें' म्हणून दगडांनीं ठेचलें, आणि मोठ्या माणसांनीं आम्हांस शाबासकी दिली. तें निरुपद्रवी होतें व आमच्याच धान्याची राखण करीत होतें, हें मला कॉलेजांत गेल्यावर कळलें. आजही तें परस आठवलें कीं मन खिन्न होतें.

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें मांडूळ, अजगर, नाग इत्यादि देशी साप पकडणें, बाळगणें व विकणें हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादींत असलेल्या बोआसारख्या परदेशी प्राण्यांविषयींही २०२२ मध्यें कायद्यांत सुधारणा होऊन सरकारदरबारीं नोंद करणें बंधनकारक झालें आहे. म्हणून, मित्रांनो, साप पाहावयाचा तर तो शेताच्या बांधावरून, दुरून, मोकळा असतांना पाहावा. घरांत शिरला तर काठी न उचलतां वनविभागास कळवावें. त्याला त्याच्या जागीं सुखरूप राहूं देणें, हेंच आपल्याकडील सापाचें खरें संगोपन होय.

भाच्याचें पिलूं आतां तीन फुटांचें झालें आहे. माझी बहीण अजून त्याला हात लावीत नाहीं. पण थंडीच्या रात्रीं निजण्यापूर्वीं ती उंबरा ओलांडून आंत जाते आणि उष्णतामापकावरचा आंकडा पाहून येते. गेल्या महिन्यांत भाच्यानें मला आपली वही दाखविली. तिच्यांत पानेंच्या पानें एकच वाक्य होतें: "आज कांहीं विशेष नाहीं." मीं त्याला विचारलें, "हें लिहून कंटाळा येत नाहीं का रे?" तो म्हणाला, "नाहीं मामा. विशेष नाहीं म्हणजेच तें बरें आहे."

वर्गांत इतकीं वर्षें मी शिकवीत आलों, परंतु निगा या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला सांगतां आली नसती.